माझं शंभर वर्षांचं सोंग

मी गोव्यातल्या पार्से गावातल्या एका पडवीतून बोलतोय. मातीच्या उथळ कुंडीत उभा असलेला, जेमतेम दोन फूट उंचीचा, पोट पोखरलेला मी एक बोन्साय. माझं खोड पांढरं पडलंय, जागोजागी चिरलंय, बुंध्यात मूठ जाईल एवढी ढोली आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो, एखाद्या म्हाताऱ्यासमोर आणावा तसा. कृपा करून आणू नका. मी अठरा वर्षांचा आहे. शंभराचा दिसतो, ते सोंग आहे, आणि त्या सोंगाची मला लाज वाटते.

माझ्या जातीचं नाव बाल्ड सायप्रस. माझे पूर्वज कुठल्याशा परदेशी दलदलीत पाण्यात पाय सोडून उभे असतात, शंभर-शंभर फूट वाढतात, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. मला आठवतं ते पहिलं घर म्हणजे काळी प्लास्टिकची पिशवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दत्ताराम रोपं विकायला बसायचा, त्याच्या पुढ्यात मिरचीच्या आणि अबोलीच्या रोपांमध्ये मी होतो.

तिथे मला गोकुळदासने उचललं. कारापूरचा माणूस, डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर. त्याची बायको विनोदिनी हिने त्याला आवळा आणायला पाठवलं होतं. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाला वृंदावनात दिंड्याची काठी लागते, आवळ्याची फांदी लागते, आणि ती फांदी दरवर्षी शेजारून मागून आणायचा तिला कंटाळा आला होता. माझी पानं बारीक, पिसासारखी, आवळ्याच्या पानांची जुळी बहीण. गोकुळदासने विचारलं नाही आणि दत्तारामने सांगितलं नाही. मी आवळा होऊन कारापूरला गेलो.

त्या वर्षी माझी एक फांदी तुळशीशेजारी लागली. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, मुलांनी चुरमुरे खाल्ले, आणि देवासमोर मी आवळा म्हणून उभा राहिलो. माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं ते. ते मी बोललो नाही, पण उभा राहिलो, तेही बोलण्यासारखंच.

दीड महिन्यात ते उघडं पडायला हवं होतं. माझी पानं लालसर तपकिरी झाली, खाणीच्या धुळीसारखी, आणि झडली. विनोदिनीने मला वठलेलं समजून बाहेर काढलं. फेब्रुवारीत मी पुन्हा फुटलो, तेव्हा तिने परत आत घेतलं. असं तीन-चार वर्षं चाललं. आवळा एकही धरला नाही. गोकुळदास दरवर्षी सांगायचा की पुढच्या वर्षी धरेल. शेवटी ती एकदा म्हणाली, "तुमच्यासारकोच आसा हो. पानां खूब, फळ ना."

ते लागलं असावं, कारण गोकुळदास माझी एक डहाळी खिशात घालून दत्तारामकडे गेला. दत्ताराम डहाळी बघून पोट धरून हसला. हा बाल्ड सायप्रस, म्हणाला. बाल्ड म्हणजे टकलो, थंडीत याची पानं झडतात. गोकुळदासच्या डोक्यावर तेव्हा कानामागे चार केस राहिले होते. त्याने टोपी सारखी केली, आणि मला वाटतं त्या दिवसापासून त्याचा माझ्यावर जीव जडला. घरी येऊन त्याने एक पिंप अर्धं कापलं, त्यात पाणी भरलं आणि मला पिशवीसकट त्यात उतरवलं. पाण्यात पाय बुडाल्यावर माझा बुंधा असा फुगला की विचारू नका.

मग खाणी बंद झाल्या.

सकाळी सहाला उठून डबा घेऊन जाणारा माणूस सकाळी सहाला उठून डब्याशिवाय सोप्यावर बसू लागला. हातांना सवय होती, हातांना काम नव्हतं. त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग जे बिघडले नव्हते तेही केले. विनोदिनीने पाना लपवला. तेव्हा त्याची नजर माझ्याकडे वळली.

फोनवर बघून बघून तो बोन्साय करायला शिकला. आधी त्याने माझा शेंडा उडवला. जळक्या मोटारीची तांब्याची तार काढून फांद्यांना गुंडाळली आणि एकेक फांदी खाली वाकवली, कारण म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या खाली झुकतात. मग खोड. पटाशीने तो एका बाजूची साल काढायचा, ग्रायंडरने लाकूड कोरायचा, गॅसच्या पेटत्या टॉर्चने कोरलेलं जाळायचा, तारेच्या ब्रशाने काजळी घासायचा, आणि वर गंधक-चुन्याचं पाणी लावायचा, म्हणजे लाकूड हाडासारखं पांढरं पडतं. त्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास. विनोदिनी पदर नाकाला लावून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची.

पण एक सांगतो. मागच्या बाजूला तीन बोटं रुंद सालीचा पट्टा त्याने कधी तोडला नाही. माझं पाणी त्या सालीखालून चढतं, हे त्याला ठाऊक होतं. एका वर्षी कोरायचा, दुसऱ्या वर्षी मला भरून येऊ द्यायचा. असं सहा वर्षं चाललं. शेवटी डिचोलीच्या कुंभाराकडून उथळ कुंडी करून आणली आणि मला तिच्यात बसवलं. त्याचे हात खरे होते. खोटी होती ती जीभ.

सोप्यावर लोक थांबायला लागले. बेकार झालेल्या माणसाकडे कोण थांबतं? पण माझ्याकडे बघायला थांबायचे. कोणीतरी विचारलं, "किती वर्षांचं असेल हो हे?" आणि गोकुळदासने सहज म्हटलं, पन्नासेक. त्या माणसाने भुवया उंचावल्या. गोकुळदासला त्या भुवया फार दिवसांनी दिसल्या असाव्यात.

मी वर्षाला एक वर्ष वाढत होतो, त्याच्या तोंडी दहा. सत्तर झाले, ऐंशी झाले. मग झाडाला मूळपुरुष हवा म्हणून त्याने आजोबांना आणलं. आजोबा गुरांची मोडलेली हाडं बसवायचे, एवढं खरं होतं. त्याच्यापुढे गोकुळदासने जोडलं ते असं: एका पाखल्या, म्हणजे पोर्तुगीज, अधिकाऱ्याचा घोडा सांखळीच्या वाटेवर पाय मोडून पडला, आजोबांनी पाला बांधून तो उभा केला, आणि त्या पाखल्याने खूश होऊन खिशातून एक बी काढून दिलं. तेच हे झाड. पहिल्या वर्षी घोडा लंगडत होता. पुढच्या वर्षी दोन पाय मोडले. शेवटी शेवटी घोडा मेलेलाच होता आणि आजोबांनी तो उठवला. लोक हसायचे, पण मला हात लावताना हळू लावायचे.

मला खरं सांगायचंय म्हणून सांगतो: मला ते आवडायचं. मी त्या ढोलीसकट ताठ उभा राहायचो.

मागच्या चवथीला कमलाक्षीआते माहेरी आली. गोकुळदासच्या बापाची सख्खी बहीण, म्हणजे त्या घोडेवाल्या आजोबांची मुलगी. वय ऐंशीच्या पुढे. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती पार्स्याला गेली, तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, होडीने नदी ओलांडून आणि चालत माहेर गाठायचं. गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे येणं झालं नव्हतं. आरतीला जमलेल्यांपैकी कोणीतरी तिला कौतुकाने सांगितलं, की आते, तुमच्या बापायच्या हातचं झाड पाहिलंत ना?

ती सोप्यावर आली. कोणाचंही अनोळखी पोर दिसलं की ती हनुवटीला हात लावून विचारते, "कोणाचो रे तू?" गावातली सगळी म्हातारी माणसं विचारतात. मला तिने विचारलं नाही. तिला वाटलं तिला ठाऊक आहे. तिने ढोलीत हात घातला आणि तो तिथेच ठेवला.

बापाचा फोटो तिच्याकडे नव्हता. त्या काळी कोण काढतो. त्याची एक वस्तूही तिच्याकडे नव्हती. आपण लग्न होऊन गेल्यावर त्याने हे लावलं असेल, असं तिने मनाशी जुळवलं, आणि एवढंच म्हणाली, "हय लायल्यान, आनी माका कोणे सांगूंक ना."

गोकुळदास दारात मोदकांचं ताट घेऊन उभा होता. तेव्हा सांगायला हवं होतं. तो तोंड उघडणार तोच तिने विचारलं, हे मी पार्स्याला नेऊ? थोडे दिवस माझ्यापाशी राहील. घरातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, विनोदिनी सर्वांत जास्त. तो म्हणाला, "व्हर, आते. तुजेंच तें."

दीड दिवसाचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. म्हापशापर्यंत एक बस, तिथून दुसरी. आतेने कुंडी मांडीवर घेतली होती, एका बाजूने गोकुळदासने धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं हे काय, आणि आतेने सुरुवात केली. पाखलो, घोडा, पाला, बी. सोप्यावर ऐकलेली गोकुळदासची सगळी गोष्ट, एक अक्षर न गाळता, आणि शेवटी, "माज्या बापायन." एवढी चांगली त्याने स्वतः कधी सांगितली नव्हती. तो खिडकीतून बाहेर बघत होता. नदीवरचा पूल आला, गेला, त्याने मान वळवली नाही.

पार्स्यात तिने मला या पडवीत ठेवलं. सकाळी तुळशीला पाणी, मग मला. मला घालताना ती बोलायची, माझ्याशी नव्हे, बापाशी. काजूची कलमं कशी आहेत, गुडघा कसा आहे, भाऊ गेल्याचं तुला कळलं का. मी ऐकत राहायचो. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र फोडून वाचावं तसं ते होतं, आणि रोजचं.

मग थंडी पडली. माझी पानं लाल झाली. मी यंदा पानं जेवढी धरून ठेवली तेवढी कधीच धरली नसतील, पण ते माझ्या हातात नाही. जानेवारीत एका आठवड्यात मी उघडाबोडका झालो.

आतेने पानं झाडली नाहीत. पदरात गोळा केली आणि फडक्यात बांधून ठेवली. एवढी वर्षं जगलेलं झाड माझ्या घरी येऊन चार महिन्यांत मेलं, असं तिने धरलं. बापाने लावलेलं मी मारलं. ती एकवेळ जेवू लागली. सुनेने समजावलं, तिने ऐकलं नाही. शेवटी सुनेने विनोदिनीला फोन केला.

विनोदिनीने काय सांगून त्याला पाठवलं ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गोकुळदास या पडवीत उभा होता, टोपी हातात.

सवय वाईट असते. त्याने सुरुवात केली ती नव्या गोष्टीने. म्हणाला, हे झाड दरवर्षी महिनाभर आजोबांच्या नावाने उपास करतं, पानं टाकतं, मग पुन्हा फुटतं. आते त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर आशा यायला लागली होती, आणि ती आशा बघूनच त्याचं अवसान गेलं असावं. त्याने गोष्ट तिथेच सोडली. मग खाली बसला, तिचा हात धरला, आणि तिचं बोट ढोलीच्या आत, वरच्या कडेला टेकवलं. तिथे लाकडात एकसारख्या बारीक रेघा आहेत.

"हें ग्रायंडरान केलां, आते," तो म्हणाला. "हांवें. हें झाड हांवें म्हापशाच्या बाजारांत घेतिल्लें."

तिने बोट काढलं नाही. रेघांवरून फिरवलं. मग विचारलं, "आनी घोडो?"

"घोडो फट. खोटो."

"गोरवांचीं हाडां?"

"तीं खरीं."

"तीं माका ठाऊक आसा," ती म्हणाली. मग पुढचं तिने माझ्याकडे बघत सांगितलं. बाप गेला तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, नदीला पूर होता, बातमी बारा दिवसांनी आली. सासरी घर पाहुण्यांनी भरलेलं. "तेन्ना रडूंक मेळ्ळें ना, गोकुळा. आतां रडटां. तूं भायर बस."

तो बाहेर पायरीवर बसला. तिने नंतर त्याला चहा दिला, पण पुन्हा कधी येणार ते विचारलं नाही. जाताना त्याने मला परत न्यायला हात घातला, तर ती म्हणाली, "आसूंदी." राहू दे. त्यात माया होती की आणखी काही, ते मला त्या वेळी कळलं नाही.

त्या दिवसापासून ती दोन वेळा जेवायला लागली. मला पाणी घालत राहिली, पण बोलायची बंद झाली. तांब्या वाकवायची आणि निघून जायची. मी तक्रार करत नाही. जे बोलणं मी घेत होतो ते माझं नव्हतंच. पण तीन आठवडे या पडवीत एवढी शांतता होती की मला माझ्याच सालीखालचं पाणी चढताना ऐकू यायचं.

तुमच्यापैकी कोणी झाडं कोरत असेल तर खुशाल कोरा. ग्रायंडरने दुखतं, पण लाज वाटत नाही. आमचं वय विचारलं तर तेवढं खरं सांगा. आम्हाला तोंड नाही, कोणी आमच्या नावाने बोललं तर आम्हाला तसंच उभं राहावं लागतं.

आज सकाळी माझ्या फांद्यांवर हिरवे ठिपके आले. मोहरीएवढे. आते तांब्या घेऊन आली, थांबली, चष्मा वर केला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने एका कोवळ्या डहाळीला, हनुवटीला लावावा तसा, खालून हात लावला.

"कोणाचो रे तू?" तिने विचारलं.

मला बोलता येत असतं तर मान खाली घालून मी सांगितलं असतं: गोकुळदासाचो. आणि मग नातं तिने स्वतःच जोडलं असतं.