बाहेरचं फाटक

माझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"ताई, रविवारी सगळ्यांना घेऊन ये," तो म्हणाला. "निसर्गवाट पूर्ण झालीय. तळ्याच्या कडेनं फुलपाखरांची बाग केलीय. लेक-जावई आलेत, नात चिऊ आलीय, घरात बसून काय करणार? आणि भाऊजींनाही आण. अकरा वर्षं झाली. किती दिवस मनात धरायचं?"

मनात कोणी धरलं होतं आणि कोणी धरायला हवं होतं, हे मी बोलले नाही. अकरा वर्षं बोलले नव्हते, त्यात आणखी एक दिवस.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक छोटंसं प्राणिसंग्रहालय आहे. हे तिथे सव्वीस वर्षं नोकरीला होते. पिंजरे धुणं, चारा घालणं, औषध पाजणं, सगळं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे सहा दिवस जनावरांचं दुखलंखुपलं हेच बघायचे. माझा भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, म्हणून तो आमच्याच घरात वाढला. शिक्षणात त्याचं डोकं चाललं नाही, तेव्हा ह्यांनीच शब्द टाकून त्याला आपल्या हाताखाली लावून घेतलं.

तिथे हरणांच्या कुंपणाला दोन फाटकं होती, एक आतलं आणि एक बाहेरचं. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवायचा नियम. एका संध्याकाळी माझ्या भावानं चाऱ्याची हातगाडी आत नेली आणि परत आणली. त्याला घाई होती. त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं आणि मुलीच्या घरचे वाट बघत होते. आतल्या फाटकाची खिटी त्यानं नीट बसवली नाही आणि बाहेरचं फाटक लावलंच नाही. रात्री गावातली कुत्री आत शिरली.

सकाळी सगळ्यांच्या आधी हे पोचले. एकोणीस हरणांपैकी अकरा मेली होती. कुत्र्यांनी फाडलेली तीनच. बाकीची जीव घेऊन पळताना कुंपणाला धडकून, मान मोडून मेली होती. एका पाडसाचं तोंड जाळीत अडकलेलं होतं. ते ह्यांनी सोडवलं. एवढंच एकदा मला सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

भाऊ धावत आमच्या घरी आला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. "ताई, मी संपलो," एवढंच म्हणत होता. संध्याकाळचा चारा दोघांपैकी कोणीही घालायचं. वहीत त्या दिवशी कोणाचीच सही नव्हती. हे घरी आले, तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं.

"त्याचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय," मी म्हणाले. "लग्न मोडेल, नोकरी जाईल. तुमची दोन वर्षं राहिलीत. सव्वीस वर्षांत तुमच्यावर एक ठपका नाही. तुम्हाला समज देऊन सोडतील."

हे बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "बरं."

समज देऊन सोडलं नाही. काढून टाकलं. वर्तमानपत्रात फोटो आला, मान खाली घातलेला. पुढची नऊ वर्षं हे एका गोदामाच्या दारावर बसले. आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. वर्गातल्या पोरांनी तिला "हरणं मारणाऱ्याची" म्हणून चिडवलं. ती हॉस्टेलवर गेली ती मग सुट्टीपुरतीच घरी आली. खरं काय ते तिला सांगावं असं मला अनेकदा वाटलं. पण तोवर माझ्या भावाचं लग्न झालं होतं, पदरी मूल होतं, आणि तो ह्यांच्याच जागेवर बसला होता. आता तर तो तिथला प्रमुख आहे.

मला वाटलं होतं, ह्या बोलावण्याला हे नाही म्हणतील. पण हे म्हणाले, "जाऊ की. चिऊला कासव दाखवू." इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली.

रविवारी भाऊ फाटकाशीच उभा होता. छातीवर बिल्ला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात वॉकीटॉकी. "तिकिटं कसली काढताय? घरचीच माणसं!" म्हणाला आणि खिडकीवरच्या बाईला हातानंच खूण केली. ह्यांना त्यानं वाकून नमस्कार केला. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, किती सुखी कुटुंब.

आम्ही हिंडलो. पाणमांजराचा हौद कोरडा पडला होता आणि त्यात पानं साचली होती. एका पंखाचं घुबड डोळे मिटून बसलं होतं. साळिंदर बाहेरच आलं नाही. जावई प्रत्येक पिंजऱ्यासमोर चिऊचा फोटो काढत होते. हे मागून सावकाश येत होते, आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकाला हात लावून कडी बसलीय का बघत होते. आपण असं करतोय हे त्यांना कळत नसावं. माझ्या मुलीला मात्र दिसलं. तिनं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

अस्वलापाशी चिऊनं विचारलं, "आजोबा, हे अस्वल तुम्हाला ओळखतं?"

"नाही गं. मला ओळखणारं मेलं. हे नंतर आणलंय."

चिऊ हिरमुसली. अस्वल एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत राहिलं. "सारखं डुलतंय बघा," जावई कौतुकानं म्हणाले. "नाचतंय जणू." जनावर कोंडून कंटाळलं की असं डुलतं, हे मला ह्यांनीच पूर्वी सांगितलं होतं.

हरणांच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा तिथे एक सहल आली होती. वीसेक मुलं, दोन शिक्षिका. भाऊ म्हणाला, "दोन मिनिटं हां ताई, ह्यांना जरा माहिती देतो. आमचा ठरलेला कार्यक्रम असतो." मुलं त्याच्याभोवती बसली. चिऊही जाऊन बसली.

तो छान बोलतो. लहानपणी चार माणसांत तोंड उघडायचा नाही, आणि आता आवाज कसा चढवावा, कुठे थांबावं, सगळं जमतं. हरणं काय खातात, किती लांबून वास घेतात, ते त्यानं सांगितलं. मग दोन फाटकांकडे बोट दाखवलं.

"ही दोन फाटकं का आहेत, कोण सांगेल?"

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. एकोणीस हरणं. संध्याकाळ. एक माणूस, खूप वर्षांचा अनुभव असलेला. "तो वाईट नव्हता," माझा भाऊ म्हणाला. "जनावरांवर त्याचा जीव होता. पण त्या एका दिवशी त्याचं लक्ष नव्हतं. आणि म्हणून सकाळी..." इथे तो थांबला. एका मुलीनं तोंडावर हात ठेवला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कुंपणाशी उभे राहून हरणं मोजत होते. ओठ हलत होते.

"मग त्या माणसाचं काय झालं?" चिऊनं विचारलं.

"त्याला घरी पाठवलं, बाळा."

"कोण होता तो?"

भावानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नाव कशाला हवं? चूक कोणाचीही होऊ शकते. आपण शिकायचं."

माझ्या मुलीचा चेहरा लालभडक झाला होता. तिनं चिऊला उठवलं, जावयांच्या हाती दिलं आणि आइस्क्रीम घ्यायला पाठवलं. सहल पुढे गेली. भाऊ आमच्याकडे आला आणि ह्यांना म्हणाला, "भाऊजी, राग नाही ना आला? मी कधीच नाव घेत नाही. पण मुलांच्या मनावर फार परिणाम होतो ह्याचा. खिटी लावायला विसरणार नाहीत जन्मात."

"चांगलं सांगतोस," हे म्हणाले.

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. "ते फाटक तू उघडं टाकलंस," मी म्हणाले.

"काय?"

"तू. चारा तू घातलास. तुला लग्नाच्या बोलणीला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय. तो खोटं बोलायचा तेव्हा त्याची डावी पापणी फडफडायची. मी त्या पापणीकडे बघत होते. ती हलली नाही.

"ताई, मी चारा घातला, बरोबर आहे," तो हळू आवाजात, समजूत काढावी तसा म्हणाला. "पण मी निघालो तेव्हा भाऊजी होते ना इथे. शेवटची फेरी ते मारायचे. रडलो ते त्यांच्यासाठी रडलो. त्यांची नोकरी जाणार म्हणून."

त्याला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं ती गोष्ट सांगून सांगून त्यानं स्वतःला तिच्यातून पुसून काढलं होतं.

"आई, काय चाललंय?" मुलगी म्हणाली. "खरं काय आहे? बाबा?"

"सांगा तुम्ही," मी ह्यांना म्हणाले. "आता तरी सांगा."

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "फाटक माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. "तुझी आई उगाच मनाला लावून घेते. सतरा हरणं आहेत रे आता. अंगानं चांगली भरलीत." आणि आइस्क्रीमच्या गाड्याच्या दिशेनं चालू लागले.

मुलगी माझ्या जवळ आली. "आई, बाबांची बाजू घ्यायची म्हणून मामावर ढकलायचं? माझ्या फीची सोय कोणी केली, विसरलीस?" असं म्हणून ती भावाकडे वळली. "सॉरी, मामा."

"असू दे गं," भाऊ म्हणाला. "ताईचं वय झालं."

कासवं बघितली. चिऊनं त्यांना पालेभाजी खाऊ घातली. फुलपाखरांच्या बागेत चार फुलपाखरं होती, त्यांचेही फोटो झाले. निघताना भावानं चिऊला लाकडी हरीण दिलं, ते गाडीत विसरू नये म्हणून तिनं ह्यांच्या खिशात ठेवलं.

लेक-जावई दुसऱ्या दिवशी गेले. घरात दोघंच उरलो, तेव्हा मी विचारलं, "का नाही सांगितलंत? पोरगी समोर होती. एका वाक्याचा प्रश्न होता."

हे भाजी निवडत होते.

"तेव्हा तुला भाऊ वाचवायचा होता," ते म्हणाले. "मी बरं म्हटलं. काल तुला स्वतःला वाचवायचं होतं. दोन्ही वेळा मीच बरं म्हणायचं का?"

"तसं नाही हो. तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी बोलायचं तर त्या सकाळी बोलायचं होतंस. ती पोरगी इतकी वर्षं मला निष्काळजी समजतेय. काल मी खरं बोललो असतो, तर तिला कळलं असतं की तिच्या आईनं काय केलं. माझी गेलेली वर्षं परत आली नसती, आणि वर आईही गेली असती." त्यांनी देठं गोळा केली. "बाप तसाही नव्हता. आई तेवढी राहू दे."

आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या हाताला हात लावायला गेले, तर त्यांनी भाजीचं भांडं उचललं आणि नळाखाली धरलं.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी ओले हात पुसून उचलला, थोडं ऐकलं, दोनदा "हो, हो" म्हणाले आणि माझ्यासमोर धरला.

"तुझा भाऊ," म्हणाले. "मागच्या गोष्टीचं मनावर घेऊ नकोस म्हणतोय. बोल."

मी फोन घेतला. "मजा आली रे चिऊला," मी म्हणाले.