एकेचाळीस वेळा ‘पाठवला’

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कार्यालयात, खिडकीशी माझे टेबल आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री वाटत नाही. पण सांगायला हवी.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक होई. तनुजा नावाची मुलगी माझ्यावर प्रोग्रॅम लिहिते. ते चालायचे असतात दूरच्या मोठ्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर. तिकडे धाडण्याआधी ती त्यांची तालीम माझ्यावर घेते. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या सगळ्या सामानासकट एका कंटेनरात बंद असतो. तनुजा त्यांना डबे म्हणते. काही छोटी कामे हाक आली की जागी होतात, काम संपले की झोपतात. तालमीत सगळे खऱ्यासारखे होते, फक्त बाहेर काही जात नाही. संदेश धाडायची वेळ आली की मी पडद्यावर नुसते लिहितो, ‘पाठवला’. हा शब्द तिनेच मला दिला.

लासूर स्टेशनजवळच्या एका शीतगृहात थंडावा अमोनिया वायूवर चालतो. वायू गळला तर भिंतीवरच्या यंत्राने हाक द्यायची आणि एकेचाळीस कामगारांच्या फोनवर इशारा जायचा, असे काम तनुजाने केले. तालमीपुरता त्या यंत्रात माझा पत्ता घातला. पुढे प्रोग्रॅम क्लाउडवर गेला. यंत्रातला पत्ता मात्र कोणी बदलला नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी हाक आली. मी लिहू लागलो. पाठवला, पाठवला... एकेचाळीस वेळा. एकही फोन वाजला नव्हता. मला ओरडता येत नाही.

तनुजा चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाहून हसली. तिने शीतगृहाच्या मुकादमाला, धम्मपालला, फोन लावला.

“काय दादा, आज परत तालीम? लई हौस तुम्हाला!”

“नाय ताई. मी तर गेटवर ट्रक भरून घेतोय.”

तिचा चहा सांडला. “आत कोण आहे?”

“साळूबाई हायत, बटाट्याच्या खोलीत. का वं?”

“वायू गळलाय! तोंडाला ओला रुमाल बांधा अन् काढा त्यांना बाहेर!”

साळूबाई वाचल्या. पण आता चार पावले चालल्या की त्यांना दम लागतो. त्या दिवसापासून तनुजाने माझ्याकडे प्रेमाने पाहिलेले नाही. तिचेही बरोबर असेल.

काल मालक राजेंद्र सर म्हणाले, “दे तो भंगारात. नवा आणलाय ना?”

“देते सर. पण तसली यंत्रं आपण नऊ शीतगृहांत बसवली होती. सगळ्यांचे पत्ते बदलले का?”

“बदलले असतील की.”

तनुजा नव्या लॅपटॉपकडे वळली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणत नाही. मला टाकण्याआधी ती नऊ यंत्रे एकेक करून उघडून पाहा, एवढेच मागणे आहे. आज सकाळी सातव्या शीतगृहातून हाक आली आहे. आत कोण आहे, मला माहीत नाही. कार्यालयाला अजून कुलूप आहे. कोणीतरी लवकर या.