लेक्कोहून मान्तोव्याला, सावकाश

मी एक जुनी मोटार आहे. रंगाने फिकट निळी, अंगाने एवढीशी आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, थोडी मानी. तुरीनच्या कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मान्तोव्याच्या एका शिंप्याने मला हौसेने घरी नेलं. त्याला नोएमी आणि एर्सिलिया अशा दोन मुली. धाकट्या एर्सिलियाचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मी लेक्कोला, तळ्याकाठी आले. बाजारहाट केला, आजारी माणसं दवाखान्यात पोहोचवली, नवरीमुलींना चर्चपर्यंत मिरवत नेलं. लोक वळून वळून बघायचे. मग घरात मोठी गाडी आली आणि मी ताडपत्रीखाली गेले.

मित्रांनो, त्या बहिणींच्या अबोल्याची गोष्ट मला सांगायची आहे. नाताळच्या आदल्या दिवशी मान्तोव्यात मैद्याच्या पातळ पारीत भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली करतात. त्या सारणात मोहरीच्या झणक्यात मुरवलेली फळं घालायचीच, अशी तिकडची रीत. एर्सिलियाचा नवरा ग्वाल्तिएरो याला तो झणका सोसत नाही, म्हणून एका वर्षी तिने फळं वगळली. नोएमी भरल्या ताटावर सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या आईच्या हाताखाली शिकलेलीने केलंय, असं कुणाला खरं वाटायचं नाही." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं.

यंदा भोपळे बाजारात आले आणि एर्सिलियाने काय मनात घेतलं कोण जाणे. तिने तोर्तेल्ली केले, मोहरीची फळं घालून केले, आणि रवा भुरभुरून डब्यात रचले.

"ताडपत्री काढ," ती नवऱ्याला म्हणाली. "नोएमीकडे जायचंय. बाबांच्याच गाडीने."

"बोलणार आहेस तिच्याशी?"

"ते गेल्यावर बघू."

दुपारपर्यंत आम्ही सहज पोहोचलो असतो. पण बेर्गामो आलं आणि एर्सिलियाला वरच्या जुन्या गावात चक्कर मारायची आठवण झाली. मी तटाखाली थांबले. त्या दगडांपुढे माझं म्हातारपण म्हणजे पोरखेळ. मग इझेओचं तळं, तिथे डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि काठावर मासे उन्हात वाळत घातलेले. सालोला मुक्काम झाला. सिर्मिओनेला पाण्यात पाय सोडून बसलेला तो जुना किल्ला पाहिला, आणि तिथेही मुक्काम. फार देखणा मुलूख आहे आमचा. इतकी वर्षं झाली, तरी माझी नजर निवत नाही.

"अगं, तो डबा," ग्वाल्तिएरो रोज म्हणायचा.

"काही होत नाही त्याला. खिडकी उघडी ठेव."

डबा माझ्या मागच्या सीटवर होता, त्यामुळे काय होतंय ते मला वासावरून कळत होतं. आणि हेही कळत होतं, की बाईला तळ्यांची हौस नव्हती, तिला भीती वाटत होती. नोएमीने दारच उघडलं नाही तर?

शेवटी पुलावरून मान्तोव्याचे मनोरे पाण्यापलीकडे दिसले. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव, म्हणून आम्ही तळ्याकाठी थांबलो. एर्सिलिया मागे येऊन बसली आणि तिने डबा उघडला. भोपळ्याला पाणी सुटून सगळ्या तोर्तेल्लींचा एक गोळा झाला होता. आंबूस वास येत होता. मान्तोव्याच्या लेकीने असला डबा माहेरी न्यायचा, म्हणजे नाक कापून घेणंच.

"गाडी वळव," ती म्हणाली.

आयुष्यभर तिचं ऐकत आलेल्या ग्वाल्तिएरोने किल्ली काढून खिशात टाकली आणि तो गावात निघून गेला. परतला तेव्हा त्याच्याबरोबर काठी टेकत नोएमी होती. एप्रनवरच कोट चढवून आली होती. तिने माझं मागचं दार उघडलं आणि बहिणीशेजारी बसली.

"वाट चुकलात म्हणे?"

"तळी बघत आलो."

"तुझा जन्म गेला तळ्याकाठी. ओळख पटली का आता तरी?"

नोएमीने डबा ओढून घेतला आणि वास घेतला.

"मोहरीची फळं घातलीस."

"घातली. पण सगळं नासलं."

"नासलंच आहे. मांजरसुद्धा तोंड लावायचं नाही." मग तिचा आवाज एकदम उतरला. "मी तर करणंच सोडलं गं. एकटीसाठी कोण भोपळा भाजत बसतं?"

एर्सिलिया तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले असते, पण माझी काच कोरडी होती.

"चल, ऊठ," नोएमी म्हणाली. "घरात भोपळा आहे. लाटायचं तू, माझे हात आता चालत नाहीत. आणि तुझ्या नवऱ्यासाठी चार बिनमोहरीचे करू."

मित्रांनो, जुन्या गाड्यांना ताडपत्रीखाली गंजू देऊ नका, अधूनमधून रस्त्यावर काढा, एवढं मागणं तर आहेच. पण कुणाशी अबोला धरून बसला असाल, तर आधी त्याच्या दारात जा. तळी कुठे पळून जात नाहीत, ती परतताना बघा. आम्ही परतताना पुन्हा पाहिली, नोएमीला सोबत घेऊन.