नावाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. फणसाच्या फळीची, हमरापूरच्या एका कारखान्याच्या दारावरची. तुम्ही म्हणाल, पाटीला कसलं आलंय आयुष्य? नुसतं टांगून राहायचं! अहो, टांगून राहायला मिळालं असतं तर मी तक्रार कशाला केली असती?

मला विठूआबांनी घडवलं. गौरीचे मुखवटे करणारा माणूस तो. त्यांनी माझ्या अंगात आपलं नाव खोल कोरलं आणि त्यात लाल रंग भरला. रोज सकाळी खांद्यावरच्या पंच्याने ते माझं तोंड पुसायचे. येणारा-जाणारा मला वाचायचा.

मग आबा गेले आणि कारखाना बंद पडला. त्यांची मुलगी नमिता दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीने डोळे आखायला जाऊ लागली. मला खाली उतरवून दोन विटांवर पालथं घातलं. पाठीवर रंगाच्या बरण्या, तोंड जमिनीकडे. बारा वर्षं मला कुणी वाचलं नाही. त्या पंच्याची फार आठवण यायची हो!

नमिताचंही माझ्यासारखंच चाललं होतं. तिने आखलेल्या डोळ्यांपुढे लोक हात जोडत, पण मुखवटा विकला जाई मालकाच्या नावाने. यंदा तिने मन घट्ट केलं आणि आबांची शेड पुन्हा उघडली. इंदूरच्या एका व्यापाऱ्याने तीनशे फायबरचे मुखवटे मागितले. अट एकच, महिनाअखेरीच्या आत जीएसटी नंबर हवा. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे, आणि नमिता पुन्हा मजुरीवर.

तिचा चुलतभाऊ हरेश रोह्याजवळच्या वरसे गावात असे अर्ज भरतो. त्याने फोनवर बजावलं, "ताय, अर्ज तुझ्या नावाने टाकलाय. जीएसटीचे साहेब जागा बघायला येतील. दारावर तुझ्या नावाची पाटी पायजे. इसरू नको गो!"

नमिताने मला उचलून उताणं केलं. "आबा, रागावू नका," असं म्हणत तिने काचकागद फिरवला. लाल रंग उडाला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. तिलाही आलं. मग पांढऱ्या रंगाचा हात मारून तिने वर 'गौरी मुखवटे' लिहिलं. खाली नावाची जागा मात्र कोरी ठेवली आणि मला तसंच टांगलं.

आमच्याकडे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. बाकी सगळं सुकलं, पक्कं झालं, की मगच. नमिताने पाटीलाही तोच नियम लावला. नंबर आला की नाव घालायचं, तोवर नाही.

चार दिवसांनी साहेब आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हा कारखाना कुणाचा?"

"माझाच."

"पाटीवर तर कुणाचंच नाव नाही. मी फोटो कशाचा काढू?"

"आमच्यात डोळे शेवटी असतात, साहेब. नंबर आल्यावर नाव घालनार होते."

साहेब हसले नाहीत. "नावाशिवाय नंबर कसा येईल? रामवाडीला एक जागा बघून मी परत येतो. तेवढ्यात काय ते करा."

नमिता स्टुलावर चढली. हातात डोळ्यांचाच बारीक ब्रश. हजारो डोळे न चुकता आखणारी ती, पण आता ब्रश माझ्यापर्यंत आणून तिने मागे घेतला. "आबांच्या नावावर माझं कसं घालू?" ती पुटपुटली.

शेजारच्या म्हाताऱ्या काशीबाई दारात उभ्या होत्या. त्या कडाडल्या, "घाल गो! आबाने पाटी काय बरन्या ठेवायला केली व्हती?"

नमिता रडता रडता हसली आणि तिने नाव लिहिलं. साहेबांनी फोटो काढला तेव्हा रंग ओलाच होता. महिना संपायच्या दोन दिवस आधी नंबर आला, आणि तोही तिने माझ्यावर घातला.

आता नमिता रोज सकाळी मला पदराने पुसते. पदर मऊ आहे. पंचा खरखरीत होता. मला अजून तो खरखरीत पंचाच हवासा वाटतो, काय करू? संध्याकाळी तिरपं ऊन आलं की पांढऱ्या रंगाखालून आबांची अक्षरं जराशी उठून दिसतात. नमिता त्या वेळी काम थांबवते आणि बाहेर येऊन बघत उभी राहते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी पाटी पालथी पडली असेल. तिच्यावरचं ओझं काढा, तिला पुसा आणि नाव मोठ्याने वाचा. आम्हाला ऐकू येतं.