निरंक

"अगं, यात छत्री लिहिलीय!" मी ओरडलेच, आणि सगळं ऑफिस खो-खो हसायला लागलं.

थांबा, मध्ये बोलू नका, नाहीतर मला सांगवणार नाही. आमच्या मेडिकल कॉलेजात औषध कंपन्यांबरोबर संशोधन चालतं ना, तर नवा नियम आला. कंपनीकडून काय मिळालं ते प्रत्येकाने लिहून द्यायचं, काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. फॉर्म गोळा करणार मी. मोठ्या सरांपासून सगळे निरंक! फक्त वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर, निवृत्तीला चार महिने राहिलेल्या, त्यांनी लिहिलं, 'छत्री एक. काळी.'

हेडक्लार्क म्हणाले, "या बाईंच्या छत्रीपायी सगळी फाइल परत येईल. नवा फॉर्म घे, टाक निरंक." टाकलं. सहीपण मीच ठोकली. जुना फॉर्म फाडला.

मग चौकशी लागली. मोठे सर कंपनीच्या जिवावर सहकुटुंब परदेशी फिरून आलेले! त्यांनी समितीला सांगितलं, "विसरलो." झालं, चहा पिऊन गेले. मग सिस्टर आल्या. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते.

"कंपनीकडून काही घेतलंत?"

"हो, छत्री. लिहून दिलंय की."

अध्यक्षांनी फॉर्म पुढे सरकवला. सिस्टरांनी चष्मा लावला. माझं अक्षर त्यांना पाठ आहे हो, त्यांचे रजेचे अर्ज मीच लिहून देते!

"हे अक्षर माझं नाही. सहीपण नाही."

"मग कोणाचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्याचं असेल तो सांगेल," म्हणाल्या, आणि थांबल्या.

मी? खरंच सांगते, पेनाच्या टोपणाकडे बघत बसले.

"लिहा," अध्यक्ष मला म्हणाले, "सिस्टरांचा खुलासा, निरंक. लेखी ताकीद द्यावी." मी लिहिलं. त्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिस्टर टेबलाशी आल्या. छत्री ठेवली, नीट गुंडाळून, बटण लावून.

"जमा करून घे. आणि पोच दे."

मी लिहिलं, 'छत्री एक, काळी, मिळाली.' त्यांनी दोनदा वाचलं.

"आज बरोबर लिहिलंस, बाळा."

पोच घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाल्या. खिडकीतून दिसत होत्या. ऊन रणरणत होतं, आणि त्या डोक्यावर डब्याची पिशवी धरून बस स्टॉपकडे चालल्या होत्या.