पाटीवरचं इंजिन

धाकटा दीर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा काकूंनी आधी हातातला कार्ब्युरेटर शांतपणे पुसून घेतला. मग दुसरा घेतला, जो पुसायची मुळीच गरज नव्हती. ज्या माणसाला आपल्या दारात बघायला इतकी वर्षं काढली, त्याला जरा ताटकळत ठेवलं तर काय बिघडलं?

"वहिनी, बऱ्या आहात ना?"

"दिसते ना समोर. काय हवंय, भाऊजी?"

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या त्या गल्लीत काकूंचं दुकान सगळ्यांत अरुंद. छताला सायलेन्सर टांगलेले, भिंतीला खोकी टेकलेली आणि मधून एका माणसाने आडवं होऊन जावं एवढीच वाट. काकूंनी ही विद्या नवऱ्याकडून घेतलेली. नवरा आणि धाकटा दीर यांचं मिळून वर्कशॉप होतं. नवरा इंजिनं बांधायचा, काकू त्याला दिवा धरायच्या आणि धाकटा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. नवरा गेला आणि घरातली रडारड थांबायच्या आत धाकट्याने वर्कशॉपचं कुलूप बदललं. काकू नवऱ्याचे पाने तेवढे पिशवीत भरून निघाल्या, तर याने ती पिशवी भर गल्लीत उलटी केली. "बघा हो, दादाला जाऊन चार दिवस नाही झाले, तोवर हिने हात साफ केला," असं मोठ्याने म्हणाला. पाने खणखणत रस्त्यावर पडले. सगळी गल्ली बघत होती आणि एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. काकूंनी एकेक पाना वेचला तेव्हाच ठरवलं होतं, याचंही नाक याच लोकांसमोर कापायचं. असंतसं नाही, चांगलं मुळापासून.

आणि आज स्वारी आपल्या पायांनी आली होती.

"दादाच्या हिरव्या गाडीचं हेड गॅस्केट गेलंय," धाकटा म्हणाला. "रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, घाट चढून वर माथ्यावर. आपली सगळी गल्ली येणार बघायला. मी पालथं घातलं सगळं. जो तो म्हणतो, असलं तर काकूंकडेच."

काकूंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण चेहरा त्यांनी कोरडा ठेवला. त्या गाडीचं गुपित त्यांना आणि नवऱ्यालाच ठाऊक होतं. गाडी आणली तेव्हा तिचं मूळ इंजिन तडकलेलं होतं. नवऱ्याने त्याच कंपनीच्या मागाहून निघालेल्या एका व्हॅनचं इंजिन मिळवलं, सगळं खोलून पुन्हा बांधलं आणि गाडीत बसवलं. वर मूळ इंजिनावरची नंबराची पाटी काढून त्याला ठोकली. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी. फरक बघायचा तर वाकून, ब्लॉकच्या बगलेत ओतलेले आकडे वाचायचे. तिथपर्यंत पोचायला हात काळे करावे लागतात, आणि धाकट्याने ते जन्मात केले नव्हते. दोघांची गॅस्केटं, म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडच्या सांध्यात बसणारे पातळ पत्रे, तीही तशीच. फक्त व्हॅनच्या गॅस्केटला मागच्या अंगाला पाण्यासाठी दोन भोकं जास्त. मूळ इंजिनाचं गॅस्केट याला लावलं, तर मागे पाणी फिरत नाही. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालते. चढ लागला की मागचा सिलिंडर तापतो आणि मग बॉनेटखालून वाफच वाफ.

"इंजिन कुठलं?" काकूंनी विचारलं.

धाकट्याने पाटीवरचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

"हा पाटीवरचा झाला. ब्लॉकवरचा?"

"एकच की हो, वहिनी."

जुना नमुना समोर ठेवल्याशिवाय काकू सुटा भाग देत नसत. सख्खी बहीण आली असती तरी तिला परत पाठवलं असतं. आज मात्र त्यांनी नमुना मागितला नाही. जुनं गॅस्केट आणायला गेला आणि दोन्ही शेजारी ठेवून भोकं मोजत बसला, तर सगळंच मुसळ केरात. त्यांनी वरच्या फळीवरून मूळ इंजिनाचं खोकं काढलं, धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिलं.

"उपकार झाले, वहिनी."

"उपकार कसले? मागितलंत ते दिलं."

रविवारी काकूंनी ठेवणीतली साडी नेसली आणि घाटातलं शेवटचं वळण गाठलं. चढ तिथे अंगावर येतो. गल्लीतली बरीच मंडळी कठड्यावर बसली होती. "काकू, तुम्ही पण?" कुणीतरी म्हणालं. "यावंसं वाटलं," काकू म्हणाल्या. त्यांना अगदी लग्नघरात आल्यासारखं झालं होतं.

एकेक गाडी धापा टाकत वर गेली. मग खालून हिरवी गाडी दिसली. वाफ कधी निघते म्हणून काकू डोळे ताणून बघत होत्या, पण आधी आवाज आला. नवऱ्याने बांधलेल्या इंजिनाचा आवाज भरदार आणि थोडा घोगरा होता. त्या आवाजाशेजारी त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. हा आवाज पातळ होता, शिवणयंत्रासारखा. गाडी वळणावर किंचितही न दमता त्यांच्यासमोरून वर निघून गेली.

माथ्यावर धाकट्याने त्यांना गर्दीतून ओढून पुढे आणलं. "ही माझी वहिनी," तो सगळ्यांना सांगत होता. "हिने गॅस्केट दिलं नसतं, तर गाडी घरीच राहिली असती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले निम्मे तरी त्या दिवशी गल्लीत उभे होते. काकूंनी टाळ्यांकडे लक्ष न देता बॉनेट उघडायला लावलं आणि साडीचा विचार न करता वाकून ब्लॉकच्या बगलेत बोट फिरवलं. आकडे मूळ जातीच्या इंजिनाचे होते.

"ब्लॉक कधी बदललात?"

"झाली की दोन-तीन वर्षं. दादाचं इंजिन व्हॅनचं होतं, मला त्यानेच सांगितलं होतं. अशा फेऱ्यांना सगळं अस्सल लागतं, वहिनी. म्हणून पाटीशी जुळणारं शोधून बसवलं."

"आणि यांनी बांधलेलं?"

"ते? भंगारात घातलं. ठेवून काय करायचं?"

तो इतक्या सहज म्हणाला, की त्यात दुष्टावाही नव्हता. काकूंना वाटलं, निदान दुष्टावा तरी असायला हवा होता. जुनं गॅस्केट एकदा नजरेखालून घातलं असतं, तर दुकानातच सगळं कळलं असतं. पण सूड घ्यायच्या घाईत त्यांनी डोळ्यांनी बघायचं सोडून आठवणीतून इंजिन ओळखलं, आणि याला नेमकं हवं ते स्वतःच्या हाताने उचलून दिलं. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आगीखाली रडू होतं, तेही त्यांना समजत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीच्या टोकाच्या भंगारवाल्याला हातगाडी घेऊन बोलावलं.

"धाकट्यांनी एक इंजिन घातलं होतं तुमच्याकडे. आठवतं?"

"आठवतं की, काकू. फोडायला जड गेलं. घण उसळत होता नुसता. फार चांगलं ओतीव बीड होतं ते."

काकूंनी एकामागून एक खोकी खाली उतरवायला सुरुवात केली. वॉटर पंप, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगं, क्रँकशाफ्ट. त्या मूळ इंजिनाचं जे काही बंद पडलेल्या दुकानांतून, गेलेल्या मेकॅनिकांच्या घरांतून त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं होतं, ते सगळं. हे दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं, हे गल्लीला माहीत होतं आणि काकूंनाही.

"काकू, हे तर कोरं करकरीत आहे. वेष्टणसुद्धा फाटलेलं नाही."

"फोडा. माझ्यासमोर फोडा."

वॉटर पंपाचे पहिल्याच घावात तुकडे झाले. क्रँकशाफ्ट काही फुटेना, तेव्हा त्यांनी तो मधोमध कापायला लावला.

आठवडा उलटला आणि धाकटा पुन्हा पायरीशी आला. हातात जुना वॉटर पंप, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"गळायला लागला, वहिनी. तुमच्याकडे असेलच."

"होता. भंगारात घातला."

तो हसला. काकू हसल्या नाहीत, तसा त्याने फळ्यांकडे पाहिलं. वरच्या फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या होत्या. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि काकूंनी तो उतरताना पुरता बघून घेतला.

"सगळं?"

"सगळं. आता जे मोडेल, ते मोडेल."

"वहिनी, अहो, ती दादाची गाडी आहे."

"यांनी हाताने केलेलं एकच होतं तिच्यात," काकू म्हणाल्या. "उरला तो पत्रा. तो तुमचा. दारात ठेवा आणि पुसत बसा."

तो गळका पंप घेऊन निघून गेला. पायरीवर पाण्याचा ओघळ राहिला होता. सूड घेतल्यावर माणसाला म्हणे रितं रितं वाटतं. काकूंना तसं काही झालं नाही. त्यांनी ओघळावर फडकं फिरवलं, डबा उघडला आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवल्या.