रक्तपेढीचा फोन

माझे सासरे बाबाराव लांजेवार रेल्वेतून रिटायर झाले, पण त्यांचा आवाज काही रिटायर झाला नाही. सकाळी पेपर वाचतात तो अख्ख्या गल्लीले ऐकू जाते. अन् मी तरी कुठं कमी? दिवसभर शाळेत पोट्ट्यायवर ओरडून येते, घरी आल्यावर तोंड बंद ठेवणं काही जमत नाही. ज्या दिवशी आमच्याकडं भांडण नसते त्या दिवशी शेजारची दीदी काळजीनं विचारते, "सब ठीक है ना?" आम्हा दोघांच्या मधात एकच गरीब प्राणी, माझा नवरा शिरीष.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, अन् शिरीषले सचिवालयात नोकरी लागली. आम्ही शंकर नगरात घर केलं. त्याचा सारखा बस्तरचा दौरा असे, अन् तिकडून येताना तो मलेरिया घेऊन येई. इकडं मलेरियाचं कोणाले काही वाटत नाही. गोळ्या खायच्या, घाम काढायचा, ऑफिसले जायचं. पण मागच्या साली त्याचा ताप गेला की परत, गेला की परत. अन् माणूस पांढरा पडत चालला. आधी ओठ, मग नखं. जिना चढताना मधातच कठड्याले धरून उभा राही, अन् मी पाहते म्हटलं की मोबाइल पाहत असल्याचं सोंग करी. क्लिनिकवाला दरवेळी तेच सांगे, मलेरिया है, खून की कमी है, टॉनिक लीजिए.

बाबांनी कारण शोधूनच ठेवलं होतं. राज्याच्या वाढदिवशी, राज्योत्सवात, ऑफिसात रक्तदान शिबिर झालं, त्यात शिरीषनं रक्त दिलं होतं. "तवापासूनच खाली झाला पोट्टा," ते म्हणत. "अंगातलं काढून वाटलं, तर अंगात राहीन काय?" मग बीट आण, डाळिंब आण, गूळ-शेंगदाणे आण. म्हातारा स्वतः बाजारात जाऊन निवडून आणे, स्वतः किसे, अन् वाटी घेऊन लेकाच्या उशाशी बसे. सासूबाई लवकर गेल्या, शिरीषले त्यांनी एकट्यानं वाढवला. लेकावर जीवच तसा.

त्यातच रक्तपेढीचे फोन सुरू झाले. बस्तरात मोबाइल लागत नसे म्हणून शिबिरात शिरीषनं घरचा नंबर दिला होता. दुपारी घरी बाबाच. एक बाई म्हणे, "शिरीष जी को एक बार भेज दीजिए, मिलना ज़रूरी है." काम काय, ते काही सांगत नसे. बाबांचं डोकं फिरलं.

"एक डाव दिलं त् चटकच लागली यांयले!" संध्याकाळी मले सांगून राहिले होते. "मी बी सुनावलं, नहीं देगा खून, अब कभी नहीं देगा!"

"बाबा, नीट बोला न. दवाखान्याची माणसं आहेत ती."

"तू गप बस. नरम बोललं की मानगुटीवर बसतात. अन् शिरीषले सांगू नको. तो येडा उद्याच बाही वर करून पोहोचीन तिथं."

पुढं फोन बंद झाले. कसे बंद झाले, ते बाबांनी सांगितलं नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरीष बाथरूममध्ये कोसळला. अंग तव्यावानी तापलेलं, डोळे पिवळे, अन् बोलतो ते काहीच्या काही. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेला. डॉक्टरनं त्याची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, अन् मले बाजूले घेतलं. "मलेरिया दिमाग तक जा सकता है. हीमोग्लोबिन चार पर आ गया है. खून अभी चढ़ाना पड़ेगा, नहीं तो दिल जवाब दे देगा."

चार! एवढं बीट, एवढं डाळिंब, अन् चार?

नमुन्याची नळी अन् चिठ्ठी घेऊन मी न् बाबा त्याच दवाखान्याच्या रक्तपेढीत धावलो. बाबा तर बाही वर करूनच आले होते. "मेरा ले लो, सब ले लो!" खिडकीतला माणूस म्हणाला, "बाबूजी, आपकी उमर में नहीं लेते," अन् त्यानं चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. "शिरीष लांजेवार, शंकर नगर."

आतल्या टेबलावर एक मुलगी बसली होती. नाव ऐकून ती उठून खिडकीशी आली. लोकांना समजावून सांगायचं काम करते ती तिथं, सोनिया नाव. तिनं विचारलं, "कौन से शिरीष लांजेवार? सचिवालय के रक्तदान शिविर वाले?"

"हो, तेच."

"पर वो तो पिछले साल गुज़र गए ना? उनके पिताजी ने ही फोन पर मुझे बताया था."

मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी भिंतीकडं.

"तुम्ही सांगितलं असं?"

"अवं, पिच्छाच नव्हती सोडून राहिली ती," बाबा पुटपुटले. "म्हणून म्हटलं एक दिवस, मर गया वो, अब फोन मत करो. बोलल्यानं काय कोणी मरते?"

"जित्या लेकाले मेला म्हटलं? जीभ कशी नाही झडली तुमची!" मी तिथंच ओरडले. सगळी लाइन आमच्याकडं पाहून राहिली होती, पण मले कोणाची लाज? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बाबा माझ्याशी भांडायचं सोडून वर केलेली बाही खाली ओढत राहिले.

सोनियाचं आमच्या भांडणात लक्षच नव्हतं. तिचं तोंड उतरून गेलं होतं. "वो ज़िंदा हैं," ती स्वतःशीच म्हणाली. मग भराभरा कामाले लागली. आधी रक्ताची पिशवी मिळवून दिली, मग म्हणाली, शुद्धीवर आले की मले बोलवा, त्यांच्याशी एकट्याशी बोलायचं आहे. काय बोलायचं, ते तिनं मलेही सांगितलं नाही.

रक्त चढलं, इंजेक्शनं चालू झाली, अन् शिरीष शुद्धीवर आला. सोनिया पडद्यामागं त्याच्याजवळ बसली. तिनं त्याच्या संमतीनं पुन्हा तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला तेव्हा त्यानं मले आत बोलावलं. बाबा औषधाच्या दुकानात गेले होते.

"चित्रा, मले एचआयव्ही आहे."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "ताप चढला तुले."

"मागच्या साली दिलेल्या रक्तातच दिसलं होतं त्यांना. पक्कं करायले बोलावून राहिले होते. अशी गोष्ट फोनवर सांगता येत नाही न."

कुठून, कधी, ते त्यानं सांगितलं. लग्नाआधीचं आहे, अन् ते आम्हा दोघांतलं आहे. त्याच्या कानफटात मारावं वाटलं, अन् त्याच वेळी त्याले पोटाशी धरावं वाटलं. दोन्ही नाही केलं. नुसती पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभी राहिले. सोनियानं मग माझीही तपासणी केली. त्यात काही निघालं नाही, पण कधी उशिरा दिसते म्हणून पुन्हा करायची आहे.

"बाबांना बिमारी सांग," शिरीष म्हणाला. त्याले धाप लागत होती. "पण ते फोन कशाचे होते, ते नको सांगू. जगणार नाहीत ते. शब्द दे."

मी शब्द दिला. माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनंच बाबांना समोर बसवून बिमारी सांगितली. सोनिया दाराशी उभी होती. बाबांनी रोगाचं नाव ऐकलं. मले वाटलं, आता वार्ड डोक्यावर घेतात. पण त्यांनी शिरीषच्या पायावर हात ठेवला, अन् म्हणाले, "असू दे. माझा पोट्टा आहे. वाचला न? बस."

डॉक्टर म्हणाला, "अभी ख़तरा टला नहीं है. इस बीमारी ने शरीर की ताकत खा ली, इसलिए मलेरिया बार-बार पकड़ता रहा और खून जलाता रहा. साल भर पहले पता चल जाता, तो दवा शुरू हो जाती. बात यहाँ तक नहीं आती."

"साल भर पहले?" बाबा उठले. आवाज परतला होता त्यांचा. "मागच्या साली रक्त घेतलं न तुम्ही याचं? तुमच्या मशीनले दिसलं नाही? अन् दिसलं, तर आमच्या घरी सांगायले एक माणूस नाही भेटला? मेरा बेटा मर रहा था, और आप लोग चुप बैठे थे? कोण आहे तो, आणा माझ्यासमोर! सोडणार नाही मी त्याले!"

डॉक्टरनं सोनियाकडं पाहिलं, सोनियानं मान खाली घातली. शिरीषनं डोळे मिटून घेतले. बाबा एकेकाच्या तोंडाकडं पाहत गेले, अन् शेवटी माझ्यापाशी येऊन थांबले. उगारलेला हात तसाच होता.

"चित्रा," ते म्हणाले. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ते फोनवाले रक्त नव्हते मागून राहिले?"

मी शब्द दिला होता. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोलता नाही आलं मले.

"नाही, बाबा," मी म्हटलं.